पंख्यावरचं नाव

जालन्याच्या मिशन कंपाउंडमधल्या आमच्या चर्चमध्ये
बारा पंखे आहेत.
अकरा लोकांचे, एक माझा.

तिन्ही पात्यांवर लाल रंगात लिहून घेतलंय :
एकावर कै. शमुवेल दगडू,
दुसऱ्यावर खरात,
तिसऱ्यावर यांच्या स्मरणार्थ.
पातं कमी पडलं म्हणून पेंटरने
माझं नाव गाळलं,
ते मला बरेच दिवस लागून राहिलं होतं.

पंखा फिरतो तेव्हा अक्षरं दिसत नाहीत.
लाईट गेली की दिसतात.
म्हणून, देवा, ऐन उपदेशात लाईट जावी
असं मी मनातल्या मनात मागितलेलं आहे,
आणि जालनाच ते,
तू ऐकलंही आहेस.

पैसे आईच्या डोळ्यांसाठी बाजूला काढलेले.
ऑपरेशन दिवाळीनंतर, मग नाताळनंतर,
मग ऊन उतरल्यावर.
आई म्हणाली, "पिंजलेल्या कापसावानी दिसायलंय,
पण दिसायलंय की."
सेक्रेटरी बर्णबा साळवे म्हणाले,
देवाला दिलेलं परत घेता येत नाही.
मी कुठे परत मागत होतो?
उपासनेत माझं नाव पुकारलं
तेव्हा पुढच्या बाकांवरची डोकी मागे वळली.
बस, तेवढंच हवं होतं.

पद्धती आमच्याकडे पुष्कळ.
प्रभुभोजनाला आधी कोणी उठायचं,
पहिला बाक कोणाच्या आजोबांनी धरलेला,
वर्गणी थकलेल्याच्या मयतीला
घंटा वाजवायची का नाही –
यावर एकदा बैठक रात्री साडेअकरापर्यंत चालली.
मयत तोवर अंगणात,
आणि त्याची बायको बर्फवाल्याशी
अजून एका लादीचा भाव करत होती.

मेमधला दुसरा रविवार. भिंतींना हात लावू नये असं ऊन.
स्टील कारखान्यातल्या कुणा परप्रांतीय मजुराची बायको
पायरीवर येऊन बसली,
मांडीवर तापलेलं लेकरू.
दारावरच्या भाऊंनी विचारलं, सभासद आहात का?
तिला भाषाच कळली नाही.
मग भाऊंनी दाराचं एक पान लोटून घेतलं,
गरम हवा आत येते म्हणून.

आई माझ्या पंख्याखालून उठली.
एकेका बाकाची पाठ चाचपत
मागे मागे निघाली.
मला वाटलं, चूळ भरायला जाते असेल.

पाळकसाहेब मार्काचा सातवा अध्याय वाचत होते.
आईबापाला सांगायचं,
तुमचं जे देणं होतं ते देवाला वाहिलं,
की सुटला माणूस.
त्या एका शब्दावर त्यांनी चष्मा पुसला. कुर्बान.
आणि लाईट गेली.

बाराच्या बारा पंखे हळूहळू मंदावले.
माझा सगळ्यात शेवटी थांबला, नवा होता ना.
कै. शमुवेल दगडू
खरात
यांच्या स्मरणार्थ.
इतक्या स्पष्ट अक्षरात बाप माझ्याकडे
याआधी कधी बघत नव्हता.

सगळ्यांचे सदरे पाठीला चिकटले.
वारा होता तो फक्त दाराबाहेर.
आई पायरीवर बसून
त्या लेकराला पदराने वारा घालत होती,
दिसत नव्हतं तिला तोंड कुठे आणि पाय कुठे,
म्हणून सगळ्याच अंगावर.

मी उठलो. बाहेर जाऊन चप्पल शोधली,
मग शोधायची राहू दिली.
आईने मान वर केली. "कोण हाय?"

पेंटरने गाळलेलं नाव
मी सांगितलं.

ती सरकली, जागा केली.
"बस. अन् हात चालव आता,
माझा भरून आलाय."

हातात कमिटीचा वार्षिक अहवाल होता,
देणगीदारांच्या यादीसकट.
कागद जाड होता.
वारा बरा लागत होता.