टिचबटण

मनामाच्या बाजारात, सोनारांच्या गल्लीला वळण्याआधी
तिसरं दुकान माझं.
पाटीवर अरबी, खाली इंग्रजी,
आणि कोपऱ्यात, कुणी वाचू नये एवढ्या अक्षरांत,
बगाडे टेलर्स, कुडाळवाले.

तिथे ती आली. बैरूतची पोर, सिनेमाच्या कपडेपटातली.
म्हणाली, ज्यानं या शहरात बर्फाचा कारखाना काढला
त्याच्या आयुष्यावर चित्रपट निघतोय,
त्याचे थोब तुम्हीच शिवायचात ना?

शिवायचो. अठ्ठावीस वर्षं.

तिला हवे होते फोटो. माझ्याकडे फोटो कुठले?
माझ्याकडे वही. लाल कापडी बांधणीची,
पानांवर मशीनचं तेल, खडूची पूड आणि मराठी आकडे.
मी वाचत गेलो, ती लिहीत गेली:

जासिम सफ्फार. छाती बेचाळीस.
डावा खांदा तीन सूत उतरता,
कारण बर्फाच्या आधी पाणी होतं,
आणि बापाचं गाढव विकल्यावर
पखाल पोराच्या खांद्यावर आली.
त्र्याऐंशी साली घेर चाळीसवरून सेहेचाळीस.
दुसरा कारखाना.
अठ्ठ्याऐंशीत गळा एक इंच कमी.
बाकी सगळं होतं तेवढंच, फक्त गळा.
त्या उन्हाळ्यात त्याची बायको गेली.
माणूस कुठून वाळायला लागतो
हे चरित्र लिहिणाऱ्यांना कोण सांगणार?

मग ते पान आलं.
उजव्या बाहीपुढे बारीक अक्षरात: टि. ब.
मी त्यावर अंगठा ठेवला आणि पुढचं वाचलं.

भर दुपारी आला होता तो, शटर अर्धं खाली असताना.
उजवा हात असा थरथरत होता
जसं पाय काढल्यावरही मशीन थोडा वेळ चालत राहतं.
म्हणाला, वर सोन्याची बटणं दिसू देत,
आत असं काही कर की एका हातानं लागेल.
आणि दत्तू,
हे तुझ्या सुईलाही कळता कामा नये.

चौदा थोब शिवले तसे.
सुईला कळलं. तिनं कुणाला सांगितलं नाही.

चित्रपट लागला तेव्हा जावई म्हणाला चला,
मी म्हटलं एकटाच जातो.
पडद्यावर एक शिंपीसुद्धा होता,
अर्ध्या मिनिटापुरता, मुका,
टेप उलटी धरलेला, शून्य जमिनीकडे.
जाऊ दे.
नटाचा डावा खांदा मात्र बरोब्बर तीन सूत उतरता.
अंधारात मला हसू आलं,
शेजारच्या बाईनं वळून पाहिलं.

मग बँकेचा प्रसंग.
लांबलचक टेबल, साहेब लोक, कागद, पेन.
त्याचा हात थरथरतो.
तो हळूच टेबलाखाली नेतो,
डाव्या हातानं बाही चाचपतो,
आणि थिएटरच्या चारी भिंतींतून, कानाखाली बसावी तसा,
आवाज येतो:
टिच.

दोनशे माणसांत कुणाला काही कळलं नसेल.
माझ्या मात्र बगलेत घाम फुटला.
पानांचे फोटो काढले होते तिनं,
मी चहा सांगायला बाहेर गेलो तेव्हा.
आणि मराठी वाचणारा एखादा दुबईत सापडतोच.
तोंड मी शिवून बसलो होतो जन्मभर,
वहीचं शिवायचं राहिलं.

नावं वर सरकू लागण्याआधीच उठलो.
त्याची माफी कुठे मागायची?
कबरस्तानाच्या फाटकापर्यंत जाऊन आलो,
आत गेलो नाही. हातात टेप होती,
खिशातून कधी काढली आठवत नाही.

तिसऱ्या दिवशी एक तरुण दुकानात.
बाही सिनेमातल्यासारखी हवी, चाचा,
आतून ती, असं म्हणून त्यानं चिमटीनं दाखवलं.

तसलं आम्ही कधी केलं नाही, मी म्हटलं.
कुणासाठीच नाही. सिनेमावाले काहीही दाखवतात.

त्याला उभं केलं. माप घेतलं.
खांदे सरळ, गळा पंधरा, वय असेल सव्वीस.
शिवणीत अर्धा इंच माया ठेवली.
लागते पुढे.