एक्केचाळीस चुका

पाषाणला, पिठाच्या गिरणीवर दोन खोल्यांत आमचं ऑफिस.
फरशी दिवसभर थरथरते, कीबोर्डवर पिठाची साय.
इथे बसून मी नऊ वर्षं फोटो पाहिले.
सासवडच्या माळावरचे, सुप्याच्या पलीकडचे,
बाभळीला बांधलेल्या कॅमेऱ्यांचे:
कोण गेलं, किती वाजता, कुठल्या अंगाला.
बहुतेकदा कोणीच गेलेलं नसायचं,
गवत हललेलं असायचं.
मी लिहायचे: रिकामा. रिकामा. शेळी. रिकामा.
पगार याचाच होता.
घरी सांगताना मी त्याला संशोधन म्हणायचे.

मार्चमध्ये मॉडेल आलं.
आलं म्हणजे, एका मुलाने पेन ड्राइव्ह लावला
आणि तो खाली चहा प्यायला गेला.
तो परत येईपर्यंत
माझं दोन हजार एकोणीस साल संपलं होतं.

शेवटी एक यादी निघाली. तुमचं उत्तर, माझं उत्तर.
एक्केचाळीस ठिकाणी आमचं पटत नव्हतं.
मी पुण्याची, भांडायच्या तयारीनेच बसले.
सदतीस वेळा त्याचं बरोबर निघालं.
उरलेल्या चारांत एकदा त्याने
उसाच्या पाचटाला बिबट्या म्हटलं होतं;
तेवढ्यावर मी दोन दिवस खूश.

मग अकरा ऑगस्ट, पहाटे तीन बावीस.
मी लिहिलेलं: कुत्रा.
ते तरस होतं.
उतरती पाठ, मानेवरची आयाळ, पट्टेसुद्धा.
त्या आठवड्यात मी ससूनच्या जिन्यात
लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचे,
वर वडील ऑक्सिजनवर.
यादीत कारणाचा रकाना नाही.

शाल्मली केंजळे, बावीस वर्षांची, नुकतीच एम.एस्सी. झालेली,
विचारते, ताई, मग मी नेमकं काय शिकू?
मी म्हटलं, रविवारी बूट घालून ये.

दिवे घाट चढून गेलो. वर धुळाआप्पा कोळपे उभे,
नऊ वर्षं आमचे कॅमेरे बांधणारे, रोजावर.
मी त्यांना तरसाची बातमी दिली,
सहा वर्षं उशिराने, जरा मिरवतच.
आप्पांनी तंबाखू मळली.
"तवाच सांगितलं व्हतं की.
मेंढीचं मांडीचं हाड फोडल्यालं दावलं व्हतं तुमास्नी.
कुत्र्याच्या जबड्यात एवढा जोर कुठला?
तुमी म्हणला, फोटूत न्हाई."

मी म्हणाले होते.
कुठेही लिहून ठेवलं नव्हतं, तरी आठवलं.

शाल्मलीने मॉडेलबद्दल काही विचारलं नाही.
आप्पांना विचारलं, कुठं होतं हाड?
दोघं ओढ्याच्या अंगाला उतरली,
तिची वही उघडी, आप्पांची काठी पुढे.
मी मागे गेले नाही.
बॅटऱ्या बदलायच्या होत्या, आठ,
आणि डब्यात मुंग्यांनी अंडी घातलेली;
ती फुंकर मारून काढावी लागतात, हळू.

कॅमेऱ्यापुढे वाकले तेव्हा फोटो निघाला असणार.
तो आज रात्री मॉडेलकडे जाईल.
ते लिहील:
माणूस, एक. खात्री त्र्याण्णव टक्के.