दुसरा सूर्य नको

मे महिन्यात गोधनीला कुणी घरात झोपत नाही.
संध्याकाळी स्लॅबवर चार बादल्या पाणी,
चर्र आवाज, मग वाफ, मग चटया.
शेजारच्या स्लॅबवर शालिक हेडाऊ,
दिवसभर लोकांच्या कूलरला खसच्या ताट्या ठोकून आलेला,
पायाचा अंगठा आभाळाकडे करून विचारतो :
"खोब्रागडे मॅडम, थो गुरू पेटन काय जी कधी?"

प्रश्न मलाच का, ते मला कळतं.
एकोणतीस वर्षं कोराडीला बॉयलर पेटवले मी.

उत्तरेला चिमण्यांचे लाल दिवे लुकलुकतात.
गुरू त्यांच्या वाटेला जात नाही,
तो दक्षिणेला, पाण्याच्या टाक्यांच्या वर
पापणी न हलवता बसलेला.

सांगते. आधी आमचंच सांगते.
भट्टी पाच मिनिटं नुसत्या हवेने धुवायची.
मग तेलाची बंदूक आत, मग ठिणगी,
आणि दहा सेकंदांत ज्योत दिसली नाही
तर व्हॉल्व्ह आपोआप बंद.
नेवारे साहेब म्हणायचे, अकराव्या सेकंदाला जो आशा धरतो
त्याच्या घरी तार जाते.

गुरूचं तसं नाही, शालिकभाऊ.
काडी लावून भागत नाही त्याला,
जळायला लागते ती हवाच नाही तिथे.
तारा पेटतो तो वजनाने.
स्वतःच्याच ओझ्याखाली इतकं दबायचं
की हायड्रोजनच्या अणूंना वेगळं राहणं परवडू नये.
त्यासाठी असे जवळजवळ ऐंशी गुरू
एकात एक ठासावे लागतील.
आकार साधारण तेवढाच राहील,
नुसता घट्ट होत जाईल.

"मंग आना ना ऐंशी."

कुठून आणू? शनीसकट बाकीचे सगळे ग्रह
कोळशासारखे बेल्टवर टाकले
तरी अर्धा गुरूही भरत नाही.

"अन् तेरा-चवदा केले तं?"
हे त्याने कुठे ऐकलं कोण जाणे.
तेरा झाले तर थोडी धग धरेल,
चार दिवस, म्हणजे काही कोटी वर्षं,
मग विझत जाईल.
तपकिरी बटू म्हणतात तसल्याला.

तो हसतो. त्याची उंची पाच फूट एक.
"बटू तं बटू. पन बरंच झालं जी.
एकच सूर्य सेहेचाळीस डिगरी करते,
दुसरा निंगाला असता
तं रातीलेबी कूलर लागला असता.
धंदा डबल, पन गिऱ्हाईक जित्तं कोनतं?"

खालून हाक येते, पंप बंद पडला.
तो लुंगी सावरत जिना उतरतो.

एक गोष्ट त्याला सांगायची राहिली.
जुना संच कायमचा बंद केला, त्याच्या तिसऱ्या दिवशी
काही काम नसताना मी आत गेले होते.
बॉयलरच्या भिंतीला हात लावला.
गरम होती,
नुकतंच कुणी उठून गेलेल्या खुर्चीसारखी.
ती ऊब मला समजली. तिथे आग होऊन गेली होती.

हा तर कधी पेटलाच नाही.
आणि तरी सूर्याकडून जेवढं मिळतं
त्याच्या जवळजवळ दुप्पट बाहेर टाकतो.
वर्षाला मिलिमीटरभर आक्रसतो म्हणे,
त्या आक्रसण्याचीच ती ऊब.
साडेचार अब्ज वर्षं झाली.
कुणी दहा सेकंद मोजले नाहीत.

साडेअकरा वाजलेत
आणि पाठीखालचा स्लॅब अजून तापलेला.
पण त्याचं ते उसनं,
दुपारी घेतलेलं पहाटेपर्यंत फेडणारं.
चटईवरून हात उचलून वर धरते.
काही लागत नाही हाताला, अर्थात.
एवढ्या लांबून काय लागणार.
खाली पंप सुरू होतो,
शालिक कुणावर तरी ओरडतो, "वायर कोन काढली बे?"

हात मी लगेच खाली घेत नाही.