दोन बोटं

बाबा दरबारचे सुतार. जावातलं आमचं राज्य एवढंसं,
की सकाळी सोडलेला घोडा
दुपारी परक्याच्या उसात चरायचा.
बाबांकडे काम म्हणजे दोन खुर्च्या.
एक राजांची. दुसरी डच रेसिडेंटची,
जो दर सोमवारी यायचा,
राजांना ‘धाकटे बंधू’ म्हणायचा
आणि साखरेचे कागद पुढे सरकवायचा.

कारभारी सुमोदिर्जो रात्री दिवा घेऊन आले.
"वोंगसो, आपली दोन बोटं उंच हवी.
त्याला कळता कामा नये."
बाबांनी केली.
पुढच्या सोमवारी साहेबानं घरून उशी आणली.

मग बाबा त्याच्या खुर्चीचे पाय कापू लागले,
नखाएवढे, दर रविवारी,
करवतीला खोबरेल लावून.

त्या वर्षी मिठाचा मक्ता गेला,
सागाचं रान गेलं,
पत्रांवर त्यांच्या राणीचं डोकं आलं.
सोमवारी राजे मात्र प्रसन्न.
स्वर्ग दोन बोटं उरलेला.

एकदा निघताना साहेब बाबांपाशी थांबला.
आमच्याच भाषेत,
नोकराशी बोलायच्या भाषेत, म्हणाला,
"अजून थोडी उतरव.
गुडघे दुखतात रे. खाली बसलं की बरं वाटतं."

हे बाबांनी कारभाऱ्यांना सांगितलं नाही.
आईला सांगितलं, तेही पावसाळा उलटल्यावर.

सागाच्या त्या चकत्या आईनं टाकल्या नव्हत्या.
आमची तांदळाची पेटी डगमगायची,
तिच्याखाली सारल्या.
आता हलत नाही,
रिकामी असली तरी.