मोडतोडीची वही

केमिस्ट्रीच्या कपाटात, सगळ्यात खालच्या खणात
लाल पुठ्ठ्याची एक लांबट वही असते.
तारीख, नाव, काय फुटलं, किती रुपये, सही.
बावीस वर्षं तिच्यात मीच लिहितोय.
उद्यापासून कोण येणार नाही, ते मला या वहीवरून कळतं.
प्राचार्यांना कळतं सहा महिन्यांनी, निकालावरून.

जंगू टेकाम, बी.एस्सी. भाग एक.
दुसऱ्याच आठवड्यात ब्युरेट. चारशे ऐंशी.
उघड्या बोटांनी काचा वेचत होती,
एक एक, जणू पुन्हा जोडायच्यात.
“काका, किती?”
मी आकडा सांगितला.
सांगायला नको होता, निदान तेव्हा.

चार दिवस तिचा स्टूल रिकामा.
रविवारी वही पिशवीत घालून मी एसटीत बसलो,
फाट्यावर उतरून दीड कोस पायी. चिंचपोड.
बाप अंगणात बांबू सोलत होता.
सहा टोपल्यांचा हिशोब त्यानं आधीच करून ठेवलेला.
“भरून देतो जी. पोरीले काई म्हनू नका.”

मी वही तिच्यापुढे उघडली.
हे पाहा, ढोले मॅडम, लिटरचा फ्लास्क.
हे विभागप्रमुख. दोनदा.
आणि ही पिवळी पडलेली जुनी वही, माझ्या आधीच्या माणसाची:
गेडाम, भाग एक, पिपेट, पस्तीस रुपये.
“तुम्ही?”
मी.
“मंग भरले?”
नाही. परत गेलोच नाही.
तीन वर्षांनी गेलो, तेव्हा अंगात खाकी शर्ट होता.

बराच वेळ ती बोलली नाही.
कोंबडी वहीवर चढली, तिला हाकललं.
मग म्हणाली, फक्त ब्युरेट नाही, काका.
शेवटची गाडी पाच दहाची,
प्रॅक्टिकल सुटतं साडेपाचला.
रंग येईपर्यंत थांबलं की गाडी जाते.
आणि पाणी. घरी ईर, शाळेत पाणी, पुस्तकात वॉटर, फळ्यावर एच-टू-ओ.
सगळे पुढे जातात
आणि मी एक शब्द मागं.

एवढंच होतं.
एवढंच, आणि बावीस वर्षं
मी फक्त काचेचे भाव लिहीत होतो.

सोमवारी मॅडमच्या टेबलावर एसटीचं वेळापत्रक ठेवलं.
त्यांनी चष्मा काढला, पुसला,
आणि लांबच्या सात पोरांची बॅच सकाळी टाकली.
कार्यालयात कुरकुर झाली. झाली तर झाली.
डब्याच्या सुट्टीत आता तिसऱ्या वर्षाचा लेतू रामगडे
सिंकजवळ बसून मोलॅरिटी शिकवतो कोलामीतून.
मला कोलामी येत नाही.
मध्येच ‘मोल’ ऐकू येतं, मग हसणं, मग पुन्हा ‘मोल’.
सातातला एक तरी गेलाच, वीटभट्टीवर, भावाबरोबर.
त्याच्या फाट्यालाही मी जाऊन आलो. भेटला नाही.
वसतिगृहाची दुसरी यादी लागली, जंगूचं नाव आलं.
स्कॉलरशिप अजून यायची आहे.

परवा तिचं टायट्रेशन पाहिलं.
थेंब. गुलाबी. हलवलं, गेलं.
थेंब. गुलाबी. गेलं.
अर्धा थेंब,
आणि फिकट, अगदी ओठावर हसू यावं तेवढं,
थांबलं.
तीस सेकंद टिकला तर खरा रंग, असं मॅडम सांगतात.
भांडी धुता धुता मी मोजत होतो,
नळ बंद करून.

ब्युरेटच्या ओळीत नाव मी माझंच घातलंय.
पगारातून कापले, विषय संपला.

डिसेंबरात तिच्या हातून परीक्षानळी गेली. बारा रुपये.
मी वहीकडे वळलो,
तर आधीच खण उघडून पेन मागत उभी.
स्वतः लिहिलं, पूर्ण नाव, बापाच्या नावासकट,
सही जरा मोठीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासात,
धुकं, किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात,
आणि कुलपापाशी ती,
“आज उशीर केला, काका.”