सव्वासातची गाडी

सकाळी सव्वासातला कचऱ्याची गाडी येते
आमच्या लोकमान्य नगरात, गाणं लावून,
आणि आठ वर्षं जिरावन त्या गाण्यात सूर मिसळत आला.
मान वर, डोळे मिटलेले, एकाच पट्टीत.
पेपरामागून सासऱ्यांचा आवाज : "बुवा, पुरे!"

रंग पोह्यांवर भुरभुरतात त्या मसाल्याचा, म्हणून जिरावन.
हाक मारताना जिऱ्या.

गाठ मला सापडली. जबड्याखाली,
आंघोळ घालताना, दोन्हीकडे एकेक.
शेंगदाण्याएवढी होती की सुपारीएवढी,
यावर नंतर आमचा वाद झाला,
जणू तेवढ्यानं फरक पडणार होता.

महूला नेलं. राऊच्या पुढे ट्रकच ट्रक,
तो खिडकीतून तोंड काढून, सहलीला निघाल्यासारखा.
डॉक्टरीण वयानं माझ्या मुलीएवढी.
आधी त्याच्याशी बोलली, मग आमच्याशी.
किती दिवस, असं श्रीरंगनं विचारलं
तेव्हा वजनकाट्याकडे बघत म्हणाली,
"देखते हैं."

घरी आम्ही तो शब्द उच्चारत नाही.
सासूबाईंच्या वेळीही नव्हता उच्चारला,
सात महिने, "पित्त आहे, उतरेल" म्हणत.
आता कुत्र्यासमोर आवाज आपोआप खाली येतो.

इंजेक्शन दर मंगळवारी. गोळी रोज, पेढ्यात.
पेढा पोटात, गोळी सोफ्यामागे.
महिन्यानं सोफा सरकवला तर अकरा निघाल्या.
त्या मुठीत घेऊन मी फरशीवरच बसले.
तो आला, मूठ हुंगली, शिंकला.
मला हसू आलं.
हे लिहून ठेवते, कारण हसू आलं.

सुया, पट्ट्या, रक्ताचा कापूस :
ओला नाही, सुका नाही.
या शहरात सगळ्याची बादली ठरलेली.
तिसऱ्या बादलीतली पुडी घेताना सेवंतीबाई म्हणाली,
"घर में कोई बीमार है, दीदी?"
"हाँ," म्हटलं. पुढचं सुचेना.
ती फाटकाच्या फटीकडे बघत होती,
जिथून रोज एक ओलं नाक बाहेर यायचं.

रात्री श्रीरंग हिशेब मांडतो.
अजून चार इंजेक्शनं, की नकोच.
मग ते दुसरं, जे डॉक्टरीण
"तकलीफ़ नहीं होगी" एवढ्यातच सांगून थांबली होती.
सासरे पेपराची घडी घालतात, पुन्हा घालतात.
"तिला विचारलं नव्हतं आपण," म्हणतात.
"याला तरी विचारा."
कसं विचारायचं, ते कुणालाच येत नाही.

आज गाडी आली. जिऱ्या उठला.
मागचे पाय घसरले, तरी सतरंजीपर्यंत पोचला,
मान वर केली, डोळे मिटले.
घशात गाठी. नुसती हवा आली बाहेर.

आणि ज्यांनी त्याला कधी शेजारी बसू दिलं नाही
ते सासरे, ऐंशीचे, बनियनवर,
गुडघे कडकड वाजवत त्याच्या बाजूला खाली बसले
आणि गळा काढला.
फाटका, खरखरीत, कुठल्याच पट्टीत न बसणारा.
समोरच्या गच्चीवरून कुणी डोकावलं.
सेवंतीबाईनं गाणं बंद नाही केलं,
गाडीच जरा जास्त वेळ उभी ठेवली.

जिऱ्यानं शेपूट आपटली, एकदा.
मग त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला
"बुवा, पुरे" म्हणायच्या बेतात असल्यासारखा.