एक अंश

उजळाईवाडीच्या माळावर
एक बुटकी पांढरी खोली, तिच्या डोक्यावर गोल पत्र्याची थाळी.
लोक विचारतात, पाण्याची टाकी काय?
मगदूम म्हणायचे, "व्हय. पाणी तेवढं दिसत न्हाई."

सेकंदाला तीस हेलकावे.
एक खूण सगळीकडं सारखी जाते,
दुसरी गरगर फिरते.
दोघींच्या मधली फट म्हणजे दिशा.
विमान कुठं आहे ते हिला ठाऊकच नसतं.
ही फक्त म्हणते, मी इथं आहे,
तू माझ्या या अंगाला.

थोड्या अंतरावर हिचाच एक कान उभा केलाय.
स्वतःचं बोलणं ऐकत राहतो,
एक अंश ढळला
की आपण होऊन बंद.

कल्लाप्पा मगदूम, गाव मांगूर,
दाढेखाली लवंग, पहिल्याच दिवशी मला म्हणाले,
"सुप्रभा, हिला खोटं बोलता येत न्हाई.
तशी येळ आली तर गप बसती.
माणसात असं कोण बघितलंस?"

एकदा गळिताच्या हंगामात
उसाची ट्रॉली पंक्चर होऊन कुंपणाला टेकली.
लोखंडानं लाटेला जरा कोपर मारला
आणि पहाटे खोली गप्प.
जॅक घेऊन आम्हीच गेलो.
ड्रायव्हर डोळे चोळत म्हणाला,
माझ्या टायरचा न् आभाळाचा काय संबंध, साहेब?

मगदूम निवृत्त झाले.
सगळे म्हणत होते, आता उपग्रह आहेत,
हे भंगारात किती किलो भरेल?

परवा माघात, रात्री साडेनऊला,
वरून आवाज आला:
पडद्यावर आम्ही समुद्रावर आहोत,
खाली तर दिवे दिसतायत.
कुणीतरी, कुठूनतरी,
उपग्रहाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करत होतं.

टॉवरचा फोन. "चालू आहे ना?"
हिरवा दिवा समोर होता,
तरी कपाटाला हात लावून पाहिला. गरम.
"चालू आहे."

शेजारचं कपाट विमानाच्या हाकेला ओ देतं,
लगेच नाही. पन्नास मायक्रोसेकंद थांबून,
दर वेळी तेवढंच थांबून.
ते थांबणं वजा केलं की अंतर उरतं.
अठरा मैल. दोनशे चाळीस अंश.
अकरा. सहा.
मग धावपट्टीवर चाकांचा तो करकरता शब्द.

मगदूमांना फोन लावला, सगळं सांगितलं.
पलीकडं बराच वेळ लवंग चावल्याचा आवाज.
"बरं," म्हणाले,
"कुंपणाकडं बॅटरी मारून आलीस का?
हंगाम चालू हाय."